सहा हातांचं दावं

टोमॅटोची रोपं एकट्या गंगव्वाकडं दिली असती, तर न्याहारीच्या आत तिनं दोन्ही वाफे भरून काढले असते. पण हे रान तसं नव्हतं. इथं रोपं पोरांनी लावायची आणि गंगव्वानं त्यांच्या शेजारी उकिडवं बसून राहायचं. शलाका एक रोप खड्ड्यात ठेवायची, माती ओढायची, दोन बोटांनी दाबायची. तेवढ्यात डोक्यावरनं विमान जायचं. ते पार ठिपका होईपर्यंत शलाका मान वर करून बघत राहायची. मग हात झटकून दुसरं रोप.

"दाब अजून. मुळाला माती लागू दे," गंगव्वा म्हणायची.

"लागली."

"न्हाई लागली. हात आण हिकडं." आणि गंगव्वा तिचा घामेजला हात आपल्या हाताखाली घेऊन मातीत दाबायची.

बंगळूरबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढं पाच एकरांचं हे रान. चारी अंगांनी प्लॉट पडलेले, पांढऱ्या दगडांच्या रांगा लागलेल्या, मधे एवढाच हिरवा तुकडा उरलेला. तिथं हेमलताबाईंची शाळा. भिंतीच्या आतली शाळा ज्यांना झेपली नाही अशी चौदा पोरं व्हाइटफील्ड, इंदिरानगराकडून व्हॅननं यायची. कुणी पंधराचं, कुणी पंचविशीचं. वाफे भरणं, भाजी निवडणं, ताक घुसळणं, ते ग्लासात ओतून शेतावरच्या प्रत्येक माणसाला नेऊन देणं, बसमधे चढणं, बाजारात बसून भाजी विकणं, हाच त्यांचा अभ्यास. मल्लाप्पा बोअर आणि राखण बघायचा, त्याची बायको गंगव्वा वाफे बघायची आणि पोरांच्या हाताला हात लावायची. चार वर्षं झाली होती. कुंपणाच्या कडेला त्यांना पत्र्याची एक खोली दिलेली होती.

कामावर ठेवताना बाईंनी विचारलं होतं, मुलंबाळं किती. मल्लाप्पानं सांगितलं होतं, "एक पोरगी हाय. गावाकडं शिकतीया."

पोरगी गावाकडं होती हे खरं. शिकत नव्हती.

भाग्यलक्ष्मी तिचं नाव. घरात भागी. चार वर्षांची होईतो ती चालली नाही, आणि बोलली तर कधीच नाही. चालायला लागली ती मात्र थांबेना. दार उघडं दिसलं की निघायची. नऊ वर्षांची असताना एकदा ती विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेली सापडली. त्या दिवसापासून पाण्याला जाताना गंगव्वा तिचा पाय लुगड्याच्या पट्टीनं मेढीच्या खांबाला बांधून जायला लागली. घटकाभर. आली की सोडायची. पुढं बंगळूरात बांधकामावर कामं मिळाली. वाळूच्या ढिगाऱ्यात, सळयांच्या जंगलात असली पोरगी कुठं ठेवायची? ती थोरल्या दिराच्या घरी राहिली. बांधकामावरनं दोघं या शेतावर आली आणि पहिल्याच आठवड्यात गंगव्वाच्या ध्यानात आलं की ही सगळी भागीचीच भावंडं आहेत. तिनं मल्लाप्पाला तसं म्हटलंही.

मल्लाप्पा म्हणाला, "ती मोठ्यांची लेकरं. त्यांचं येडेपण बी येगळं असंल."

पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली. नंतर लाजेपेक्षा, खोटं बोललो होतो याचीच भीती मोठी झाली. दरवर्षी जत्रेला दोघं गावी जायची. भागी न्हालेली, वेणी घातलेली, नवा पायघोळ परकर नेसून सोप्यात बसलेली असायची. चार दिवसांनी दोघं परत यायची.

फाल्गुन लागला आणि बोअर दिवसाआड तासभरच चालायला लागली. त्या पाण्याच्या तासाला गंगव्वा वाफ्यात असताना जावेचा फोन आला.

"अंगणवाडीची बाई येऊन वहीत लिहून गेली. फोटो बी काढला. पोलीस आणीन म्हणती. हितं तंबाखू अंगावर आलीया, मला त्यो घोर नगं. आठ दिसांत येऊन पोरगी घेऊन जावा."

"फोटो? कशाचा फोटो, अक्का?"

जावेनं फोन ठेवला.

मल्लाप्पाला राखण सोडून जाता येत नव्हतं. गंगव्वानं बाईंना, सासरी आजारपण आहे, असं सांगितलं आणि आठ दिवस न थांबता त्याच दिवशी संध्याकाळची गाडी धरली.

निपाणीला उतरून वडापच्या जीपनं ती गावात पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. अंगणभर तंबाखू पसरलेली. जाऊ तोंडाला पदर बांधून पालथ्या हातानं ती उलटत होती. गंगव्वाला बघून तिचा हात थांबला.

"आजच आलीस? आठ दिस म्हटलं हुतं."

"भागी कुठं हाय?"

जावेनं नुसतं गोठ्याकडं बघितलं.

गोठ्यात तीन मेढी. एकीला गाय. एकीला म्हैस. तिसरीला भागी.

ती भुईवर बसली होती, पाठ मेढीला लावून. अंगात चुलतभावाचा जुना शर्ट. केस कातरीनं कसेही कापलेले. डाव्या पायाच्या घोट्याला दावं, गुरांचंच, काथ्याचं. मेढीभोवतीची जमीन पायानं घासून घासून गुळगुळीत झाली होती. जेवढं दावं, सहा हात, तेवढंच गोल. त्या गोलाच्या बाहेर शेण होतं, वैरण होती, कोंबड्या होत्या. आत काही नव्हतं.

गंगव्वा खाली बसली आणि तिनं पाय हातात घेतला. बैलाच्या खांद्यावर जू बसून जसा घट्टा पडतो तसा घोट्याभोवती कडं होऊन पडला होता. काळा, जाड. बोटानं दाबला तरी भागीला कळत नव्हतं.

"हे कवापासनं?"

जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. "कवापासनं म्हंजे? तू बांधलीस तवापासनं."

"म्या घटकाभर बांधायची. पाण्याला जाताना. पट्टीनं."

"तुला घटकाभराचं काम असायचं. मला दिसभराचं हाय." जाऊ भांडत नव्हती. थकलेल्या आवाजात सांगत होती. "पट्ट्या तिनं दातानं फाडल्या. मग दावं घेतलं. गाठ तू दावलीस तीच हाय. दुसरी कुठली बी घातली तरी सोडवती. येवढी एकच तिला सुटत न्हाई. म्या उपाशी ठेवली न्हाई, गंगव्वा. एक डाव मारली न्हाई. विचार गावात कुणाला बी."

गंगव्वानं गाठ बघितली. तिचीच होती. बापानं तिला लहानपणी कालवडीसाठी शिकवलेली. आवळून बसलेली, तिलाही ती लवकर सुटेना.

सुटल्यावर भागी उठली. चालायला लागली. मेढीभोवती एक चक्कर, दुसरी चक्कर. दावं जमिनीवर पडलं होतं आणि भागी त्याच गोलावरनं फिरत होती, एक पाऊल बाहेर न टाकता. गंगव्वानं तिला हाताला धरून ओढली, तेव्हा गोलाच्या कडेला येऊन ती घट्ट थांबली आणि डावा पाय आपोआप मागं राहिला.

तिला उचलूनच बाहेर काढावी लागली. पंधरा वर्षांची पोरगी. पोत्यापेक्षा हलकी लागली.

परतीची गाडी दिवसाची होती. हुबळीच्या पुढं भागीनं सीटवरच केलं. कंडक्टर आला, त्यानं नाकाला रुमाल लावला आणि कन्नडमधे म्हणाला, "अक्का, असल्यांना घेऊन फिरू नये." गंगव्वानं पदरानं सीट पुसली, अंगावरची चादर खाली घातली. पुढच्या बाईनं आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं. भागी खिडकीतनं बघत होती. झाड मागं गेलं की मान मागं, दुसरं आलं की मान पुढं. दावणगेऱ्यापर्यंत तिनं डोळा मिटला नाही.

मल्लाप्पानं खोलीचं दार उघडलं आणि आधी इकडंतिकडं बघितलं. मग पोरीकडं बघितलं. मग पायाकडं. तो मटकन उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "बाईस्नी आताच काय सांगू नगं. खोटं बोललो हुतो. खोली जाईल, काम जाईल. मग हिला घिऊन कुठं जायाचं?"

"किती दिस लपवायची?"

"बघू."

सकाळी साडेआठला व्हॅन यायची. गंगव्वानं भागीला न्हाऊ घातलं, भाकरी चारली, आपला एक झंपर टाचून तिच्या अंगात घातला. मग खुरपं घेतलं आणि दाराकडं वळली.

मागं खसफस झाली. वळून बघते तर भागी भिंतीशी पाठ लावून बसली होती आणि तिनं डावा पाय पुढं केला होता. गंगव्वाच्या हाताकडं बघत होती. वाट बघत होती.

गंगव्वाला वाटलं, काळजात कुणीतरी खुरपं घातलं. खोलीत दावं नव्हतंच. पोरगी स्वतःहून पाय देत होती, न्हाव्यापुढं लेकरू डोकं देतं तसा, मुकाट्यानं.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. शलाकेची हाक आली, "अक्का, चला."

आणि गंगव्वानं ते केलं. लुगडं फाडून पट्टी काढली, दोन पदरी केली, खाटेच्या पायाला बांधली आणि दुसरं टोक पोरीच्या पायाला. सैल बांधली, घट्ट्याच्या वर. पण गाठ तीच घातली. मग दार ओढून घेतलं आणि जाऊन शलाकेच्या शेजारी बसली. "दाब अजून," म्हणाली. तिचा हात हातात घेतला.

तीन दिवस हेच चाललं. दुपारी ती धावत जाऊन जेवण घालून यायची. भागी ओरडत नव्हती, रडत नव्हती. बांधून ठेवण्यासारखं शांत पोर आणखी कुठलं असणार? मल्लाप्पा संध्याकाळी आला की तिचा पाय मांडीवर घ्यायचा आणि घट्ट्याला खोबरेल चोळत बसायचा.

चौथ्या दिवशी टोमॅटोला काठ्या द्यायच्या होत्या. महिन्यापूर्वीची पहिली लावण आता गुडघ्याएवढी झाली होती. हेमलताबाई स्वतः आल्या होत्या, हातात सुतळीचा गुंडा. पन्नाशी उलटलेली बाई, पण मातीत मांडी घालून बसायची. त्या मुकुलला गाठ शिकवत होत्या. मुकुल अठराचा, धिप्पाड. सुतळी हातात आली की तो ती नाकाला लावून हुंगायचा.

"हुंगून झालं? आता काठीभोवती. मग झाडाभोवती. झाडाला गळफास नाही द्यायचा, मुकुल. सैल."

शलाकाची ताकाची पाळी होती. प्रत्येकाला ग्लास द्यायचा, नाव घ्यायचं, रिकामा ग्लास परत आणायचा. हे शिकायला तिला एक वर्ष लागलं होतं. बोअरपाशी मल्लाप्पा नव्हता, म्हणून ती ग्लास घेऊन त्याच्या खोलीकडं गेली. काम म्हणजे काम, ती अर्धं सोडत नसे.

गंगव्वानं मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. शलाका वाफ्याच्या बांधावरनं येत होती. एका हातात ताकाचा ग्लास. दुसऱ्या हातात भागीचा हात. भागी दर दहा पावलांनी थांबत होती आणि शलाका तिला तितक्याच वेळा ओढत होती, न चिडता, आपल्याला शिकवताना सगळी जशी ओढतात तशी.

"ही बांधलेली होती," शलाका सगळ्यांना म्हणाली. "गाठ सुटली नाही. मी खाट उचलली."

कुणाला काही कळायच्या आत भागी वाफ्यात बसली. बाईंच्या हातात तिला सुतळी दिसली. तिनं परकर वर घेतला आणि डावा पाय बाईंच्या पुढ्यात सरळ केला.

बाईंच्या हातातला गुंडा घरंगळत जाऊन सरीच्या चिखलात पडला. त्या पायाकडं बघत राहिल्या. तो घट्टा, ती ओली पट्टी, वर केलेला चेहरा. तरुण शिक्षिका प्रांजली शेजारी उभी होती, तिनं तोंडावर हात घेतला. वरनं विमान गेलं. त्या दिवशी शलाकानंही वर बघितलं नाही.

"कोणी बांधलं हिला?" बाईंचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मल्लाप्पा पाइप टाकून धावत आला होता. "बाई, माझ्या भावाची पोरगी हाय. पावणी. दोन दिसांनी जाईल."

"माझी हाय," गंगव्वा म्हणाली.

मल्लाप्पानं तिच्याकडं बघितलं.

"माझी हाय, बाई. भाग्यलक्ष्मी. म्याच बांधली. आज बी म्याच बांधली. सकाळी, हितं यायच्या आधी."

बाई उठल्या. चालत गेल्या, पार कुंपणापर्यंत, आणि तारेला धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. गंगव्वा चिखलात तशीच बसून होती. तिला वाटलं होतं, हे बाहेर पडलं की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. भागीचा पाय अजून पुढंच होता. शेवटी मुकुल पुढं आला, खाली वाकला, त्यानं त्या पायाला नाक लावून हुंगलं आणि तो उचलून हळूच परकरात ढकलला.

बाई परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं तू माझ्या मुलांचे हात धरलेस, गंगव्वा. मी सगळ्यांना सांगत होते, आमची गंगव्वा बघा. तुला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

गंगव्वाला वाटलं तर रोजच होतं.

शनिवारी पालकांची बैठक भरली. चिंचेखाली खुर्च्या मांडल्या. गंगव्वा आणि मल्लाप्पा जमिनीवर बसले. खुर्ची घ्या म्हणून कुणी म्हटलं, पण दोघांना बसवेना. मुकुलचे वडील सुहास व्हाइटफील्डला कुठल्याशा मोठ्या कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला गंगव्वाला आठवणीनं लुगडं द्यायचे.

"मॅडम, मला यांची परिस्थिती समजते," ते म्हणाले. "पण जी बाई स्वतःच्या मुलीला बांधते, ती आमच्या मुलांना बांधणार नाही कशावरून? मुकुल घरी येऊन सांगू शकत नाही. शलाका तरी काय सांगणार? आम्ही विश्वासावर सोडतो हो त्यांना."

"शलाकानंच सांगितलं," हेमलताबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. तिनं सांगितलं, म्हणून कळलं."

कुणी तरी गंगव्वाला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. ती उठून उभी राहिली. चौदा घरांची माणसं तिच्याकडं बघत होती. त्यांची पोरं ती चांगली ओळखत होती. कुणाला उजव्या हातानं येत नाही, कुणाला चिखलाची किळस येते, कुणाला मागनं हाक मारलेली चालत नाही. आपल्या पोरीचं तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे तिला त्या क्षणी, तिथं उभी असताना कळलं, आणि ती इतकी दचकली की बोलायचं ते विसरून गेली.

"पोरीला ठिवून घ्या," एवढंच म्हणाली. "माझं काय बी करा."

तसंच ठरलं. भागी शाळेत राहील. खोली राहील. गंगव्वानं पोरांच्या जवळ यायचं नाही; पलीकडच्या दीड एकरात एकटीनं काम करायचं. हे सांगताना बाई तिच्याकडं बघत नव्हत्या.

"सरी," गंगव्वा म्हणाली. बंगळूरात आल्यापासून ती कबूल असलं की असंच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीनं भागीला मोकळ्या रानात सोडलं. वाफा नाही, भिंत नाही, नुसतं नांगरलेलं ढेकळांचं रान. मधे एक काठी होती, मागच्या हंगामातली. भागी त्या काठीपाशी गेली आणि तिच्याभोवती फिरायला लागली. सहा हातांवरनं. एकदा, दोनदा, दहादा. पलीकडच्या रानातनं गंगव्वा बघत होती. तिच्या हातातलं खुरपं थांबलं. पोरीच्या पायाला आता काही नव्हतं, खाली घासलेली वाटही नव्हती. आणि पाऊल एक वीत इकडचं तिकडं होत नव्हतं. तिला वाटलं, धावत जावं आणि ती काठी उपटून टाकावी. पण पोरांच्या रानात पाऊल टाकायचं नव्हतं.

प्रांजलीनं काठी उपटली नाही. तिनं गोलाच्या कडेला ताटलीत शेंगदाणे-गूळ ठेवला. भागीनं खाल्ला. दुसऱ्या दिवशी ताटली हातभर बाहेर ठेवली. भागी कडेला थांबली, ताटलीकडं बघत राहिली आणि दिवसभर उपाशी फिरली. गंगव्वाही त्या दिवशी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी शलाका जाऊन ताटलीपाशी बसली आणि एकेक दाणा खायला लागली. ताटली निम्मी झाली तेव्हा भागीनं पोटावर झोपून हात लांब केला. पाय गोलातच होते.

अकरा दिवसांनी एक पाय बाहेर आला.

तिकडं मुकुल गंगव्वाला विसरला नव्हता. रोज बांधावर यायचा, हात हलवायचा, "अक्का, ये."

"न्हाई रं बाबा. तू जा."

"ये."

"मला काम हाय." आणि ती त्याच्याकडं पाठ करून निंदत राहायची, तण नसलेल्या जागी सुद्धा.

चैत्र सरता सरता टोमॅटो लाल झाले. पोरांनी तोडले, निवडले, टोपल्या भरल्या. आठवड्याच्या बाजाराला टेंपो निघाला तेव्हा उचलायला माणूस कमी पडलं, आणि बाई म्हणाल्या, "गंगव्वा, तू चल. टोपल्या उतरवायच्या आणि टेंपोपाशी थांबायचं." ती टेंपोच्या मागं, टोपल्यांत बसली. भागी पुढं शलाकेच्या शेजारी होती. केस आता जरा वाढले होते, प्रांजलीनं त्यांना पिन लावली होती.

देवनहळ्ळीच्या बाजारात गर्दी होती. पपनसांचे ढीग, कलिंगडं, फुलांच्या माळा, रस्त्याच्या कडेला चादरींवर भाजी. शाळेची चादर अंथरली. शलाका तागडी धरून बसली, मुकुल पिशव्या उघडत होता, भागीला सगळ्यात सोपं काम होतं: फुटलेला टोमॅटो बाजूला काढायचा. ती काढत होती. गंगव्वा वीस पावलांवर टेंपोच्या सावलीत उभी राहून बघत होती. एका गिऱ्हाइकानं घासाघीस सुरू केली, प्रांजली त्याच्याशी बोलायला वाकली. तेवढ्यात भागी उठली.

उठली आणि चालायला लागली. सरळ. चादरीच्या कडेवरनं, भाजीवाल्यांच्या मधनं, माणसांच्या पायांतनं. दहा पावलं झाली. वीस झाली. ती थांबत नव्हती.

गंगव्वा निघाली. चार ढांगांत तिनं पोरीला गाठलं असतं. हात पुढं झालाच होता, मनगट धरायला. तो तिनं मागं घेतला. का घेतला ते तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. दोन्ही हात तिनं पाठीमागं एकमेकांत धरून ठेवले आणि पोरीच्या मागनं चालायला लागली.

भागी फुलवाल्यांच्या ओळीतनं गेली. एकीच्या टोपलीत वाकून बघितलं. पुढं गेली. एका गाईला वळसा घातला. कलिंगडवाल्यानं फोड पुढं केली, ती तिनं घेतली नाही. मागनं प्रांजली धापा टाकत आली. चेहरा पांढरा पडला होता.

"अक्का, धरा तिला. पुढं रस्ता आहे."

"थांब जरा. म्या हाय मागं."

"अक्का, गाड्या आहेत."

"दिसत्यात मला."

बाजार संपला. पुढं मोठा रस्ता होता, खडीचे ट्रक, टॅक्सी, विमानतळाकडं निघालेल्या बसगाड्या. भागी त्याच चालीनं रस्त्याकडं गेली. गंगव्वा आता हातभर मागं होती. तिनं हात सोडले होते, डोळ्यांपुढं पोरीची पाठ आणि ती पिन एवढंच होतं.

डांबराच्या कडेला भागी थांबली. कुणी थांबवली नाही. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं परकर पायांना चिकटला. ती ट्रककडं बघत होती, गेला की मान तिकडं, दुसरा आला की मान इकडं. पाच-सहा ट्रक बघून झाले. मग ती वळली. गंगव्वाच्या अगदी अंगाला घासून, तिच्याकडं न बघता, आली त्याच वाटेनं परत चालायला लागली. कलिंगडं, गाय, फुलं. प्रांजली तिच्या मागं गेली. लांबनं गंगव्वाला दिसलं, पोरगी चादरीवर आपल्या जागी जाऊन बसली, आणि तिनं टोपलीत हात घातला.

आता गंगव्वाला पाऊल उचलता येईना. ती रस्त्याच्या कडेला, धुळीत, होती तिथंच बसली.

कडेच्या फुलवालीनं माळ करता करता मान वळवली. "एनायतु, अक्का?" काय झालं म्हणून तिनं विचारलं.

"एनिल्ल," गंगव्वा म्हणाली. काही नाही. मग, त्या बाईला कळतंय की नाही हे न बघता, ती मराठीतच बोलली.

"ती पिनवाली पोरगी दिसतीया न्हवं, टोमॅटोपाशी? माझी हाय ती."